शिटी मारणारा पिकअप

थोरल्या बहिणीचं, मनालीचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे २०१३ च्या मे महिन्यात, मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते, तेव्हा खुशबूने आपली इलेक्ट्रिक गिटार बापाच्या खाटेवर उताणी ठेवली आणि बँडचं सामान दुरुस्त करणाऱ्या जीवनला म्हणाली, "काढ तो मुडदा."

मुडदा म्हणजे ब्रिजजवळचा, तारा अडकवतात त्या पट्टीजवळचा पिकअप. तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याला गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. वाजवलेला सूर तोच उचलतो आणि अ‍ॅम्पकडे, आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, धाडतो. खुशबूचा पिकअप जुना झाला होता. मेटलच्या कर्कश गाण्याला गेन, म्हणजे आवाजाचा जोर, चढवला की शिटी मारायचा. भंडारा शहरातल्या कार्यक्रमात गाणं राहिलं बाजूला, लोकांनी कानांत बोटं घातली. आता येत्या रविवारी नागपूरला बँडच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. बँडमधल्या अश्विनने तोंडावर सांगितलं होतं, "आता शिटी वाजली तर तू तरी राहशील बँडमध्ये, नाहीतर मी तरी."

महिनाभर खुशबू, जीवन आणि अश्विन, तिघांचं एकच बोलणं. अल्निको चुंबकाचा घ्यावा तर सूर गोड, पण गेन वाढला की जाड तारांचा नुसता गोंगाट. बॅटरीवाला घ्यावा तर शिटी नाही, पण जीवही नाही. शेवटी खुशबूने सिरॅमिक चुंबकाचा मागवला. कडक, घट्ट, करवतीसारखा कापत जाणारा. तो डबीत तयार होता. जीवनची सोल्डरिंगची कांडी तापत होती. अ‍ॅम्प तेवढा उंबऱ्याबाहेर, गल्लीकडे तोंड करून. "ते भोकाड माह्या घरात नको," म्हणून तिच्या आईने, निर्मलाबाईनेच तो हाकलला होता.

खाटेच्या डोक्याशी, उघड्या दारातून गल्लीचा चढ दिसेल असा, तेजराम बसला होता, खुशबूचा बाप. चिखल्याच्या खाणीत त्याचा जन्म गेला. सुरुंगाला बत्ती देण्याआधी हाळी द्यायची, हे त्याचं काम. ती हाळी कानावर आली की हातातलं टाकून जवळची भिंत धरायची, हे त्यांच्या या खाणीच्या कॉलनीत लेकरांनाही चालायच्या आधी शिकवलेलं. पण खर्‍याने म्हणजे सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणाने तेजरामचा गळा खाल्ला. ऑपरेशननंतर दोन वर्षं त्याच्या तोंडून नुसती हवा निघायची. काही हवं असलं की चमच्याने ताट वाजवायचा.

"काढाच्या पहिले पाहून घे, हा काहून ओरडते ते," जीवन म्हणाला. त्याने गेन पुरता चढवला, तारा तळहाताने दाबल्या आणि पिकअपवर पेन्सिल आपटली. बाहेर कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज झाला. "आतलं मेण सुटलं. तार ढिली झाली. आता हा पिकअप नाही, माईक आहे." मग तोंड तारांशी नेऊन तो बोलला, "काकू, चहा ठेवा!"

"तुह्या घरी चहा नाही का रे, मेल्या?" गल्लीतल्या नळावरून निर्मलाबाई ओरडली. बाया हसल्या. तेजरामही हसला, बिनआवाजी.

जीवनने स्क्रू ड्रायव्हर उचलला. तेवढ्यात ताट वाजलं.

"आले, आले! घागर तर भरू द्या," निर्मलाबाई म्हणाली.

ताट वाजतच राहिलं. खुशबूने मान वर केली नाही. "बाबा, पाच मिनिटं थांबा ना."

ताट फरशीवर आदळलं. तेजराम खाटेवरच पुढे कोसळला, थेट गिटारवर, आणि त्याने तोंड तारांत खुपसलं. आधी अ‍ॅम्पने किंकाळी फोडली. मग त्या किंकाळीतून एक आवाज निघाला. फाटका, पत्र्यासारखा, पण त्याचाच.

"होशियाऽऽर! बत्ती लागलीऽऽ!"

दोन वर्षांत हा आवाज खुशबूने फक्त स्वप्नात ऐकला होता. तिने बाहेर पाहिलं. गल्ली रिकामी झाली होती. नळावरच्या बाया, खर्रा घोटत बसलेला मारोतराव, गोट्या खेळणारी पोरं, सगळे पाठीने भिंतींना चिकटले होते, डोकी हातांत. खुद्द तिची आई दाराशेजारच्या भिंतीला लागून उभी होती.

खुशबूला हसू फुटलं. "बाबा, अख्ख्या गल्लीले तुम्ही..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. उंबऱ्यापुढून मालाने भरलेला एक ट्रक उलटा गेला. इंजिन बंद, आत ड्रायव्हर नाही. वरच्या चढावर तो उभा होता, चाकामागचा दगड निसटला होता. आवाज न करता तो गल्लीभर उतरला आणि खाली विजेच्या खांबाला जाऊन अडला. निर्मलाबाईची घागर रस्त्यातच राहिली होती. ती पाटासारखी चपटी झाली.

मग मारोतरावने भिंत सोडली. "तेजराम," तो म्हणाला आणि रस्त्यातच खाली बसला.

जीवनने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्याने विचारलं, "जुनाच मेणात बुडवून देऊ का? शिटी बंद होईन."

"आन् बाबांचा आवाज?"

"तोही."

खुशबूने नव्या पिकअपच्या डबीला झाकण लावलं.

दुसरी गिटार घरात नव्हती. नागपूरला बँड तिच्याशिवाय गेला. ती गिटार खाटेपाशीच राहिली, आणि तिच्या तारांतून तेजराम रोज बोलू लागला. भाजीत मीठ नाही. मनालीले फोन लाव. मारोत्याले म्हणावं, पत्ते घेऊन ये.

त्या दुपारी चिखल्यात कोणी मेलं नाही. खुशबूने नव्या पिकअपची ती डबी उघडली तीन वर्षांनी, २०१६ मध्ये. त्या साली तान्ह्या पोळ्याच्या, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या सकाळी तेजराम वारला.