टाकसाळीच्या आकड्यातला एक

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर रावपुऱ्यातल्या एका घरात चला. सरकारी टाकसाळ संग्राहकांसाठी नाण्यांचे संच विकायची, आणि यंदा किती संच खपले, हे त्या घरातले गोविंदराव दरवर्षी पत्र लिहून विचारून घेत.

"चार हजार एकशे सहा," ते नातीला, अबोलीला म्हणाले. "त्यातला एक आपल्या पद्माकरचा."

"पण काका तर मी जन्मायच्या आधीच गेले ना?"

"रेशनकार्डातून त्याचं नाव गेलं, मतदारयादीतून गेलं. पण टाकसाळीत त्याच्या नावाने एक संच मी दरवर्षी नोंदवतो, बेटा. या आकड्यात तो अजून आहे."

तेवढ्यात पोस्टमन संच घेऊन आला. "पद्माकरभाई घरे छे?" त्याने गुजरातीत विचारलं.

"बहार गया छे," म्हणत गोविंदरावांनी सही केली.

टाकसाळीचे संच नोंदणीनंतर खूप उशिरा येत. पुढच्या वेळी गोविंदरावांनी पद्माकरबरोबर स्वतःच्या नावानेही एक नोंदवला; ते दोन आले, तेव्हा गोविंदरावही राहिले नव्हते. पोस्टमन नवा होता. त्याने दारातून हाक मारली, "पद्माकरभाई? गोविंदभाई?"

अबोली उठून दारात गेली.

"बन्ने बहार गया छे," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही नावांपुढे सही केली.