आधी त्यांचं होऊ दे

हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. त्यात एक चूक होती. मशीन चालू करताना ठोके मोजणारा भाग अलार्मसाठी खोळंबायचा आणि अलार्म ठोके मोजणाऱ्यासाठी. शंभरात एखाद्या वेळी दोघंही तसेच अडून बसायचे आणि पडद्यावर नुसतं 'सुरू होत आहे' दिसत राहायचं.

आमच्या टीममधल्या नव्या मुलीने आठवडाभर डोकेफोड करून ती चूक दुरुस्त केली. पण तो कोड दोन टीम वापरतात, म्हणून दोन्ही प्रमुखांची, म्हणजे माझी आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांची, मंजुरी लागते. मी तिला म्हणालो, "आधी त्यांचं होऊ दे, मग मी करतोच." उद्या काही बिघडलं तर पहिलं नाव माझं कशाला? साहेबही तिला हेच म्हणाले. बिचारीने तीन महिने जिन्यात हेलपाटे घातले, मग विचारणंच सोडून दिलं.

आज दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना हॉस्पिटलमध्ये आणलं. नर्सने वायरी लावल्या, मॉनिटरचं बटण दाबलं आणि ती पुढच्या खाटेकडे धावली. मी घुटमळत होतो, तर बाबाच म्हणाले, "तू जा, औषधं घेऊन ये. हे मशीन आहे की लक्ष ठेवायला."

औषधांच्या रांगेत अर्धा तास गेला. परत येऊन मी बाबांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. अलार्म वाजलाच नव्हता, त्यामुळे इकडे कुणी फिरकलंही नव्हतं.



पडद्यावर अजून 'सुरू होत आहे' एवढंच होतं.