शिसारी

गाईच्या खुरातल्या आळ्या चिमट्यानं काढताना कृष्णातला त्या आळ्यांची किळस आली नाही. किळस आली ती भोवती उभ्या असलेल्या माणसांची. त्यांच्या घामाची, त्यांच्या मळक्या पटक्यांची, 'डागदर, जरा हिकडं बगा' या रडव्या सुराची.

कृष्णात मोहिते मूळचा पलूसचा, जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा मदतनीस. त्र्याहत्तरच्या दुष्काळात त्याला माण तालुक्यातल्या एका गुरांच्या छावणीवर आठवड्यासाठी म्हणून पाठवलं. त्याला दोन महिने होऊन गेले होते. नऊशे जनावरं आणि तो एकटा. दहिवडीचे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत, सही करून जात. लोक कृष्णातलाच डागदर म्हणत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा हरणाबाई आली. साठीची धनगरीण. नवरा आणि मुलं मेंढरं घेऊन कोकणात उतरली होती. ही एका गाईपायी मागं राहिली होती.

"डागदर, माजी गाय सकाळधरनं उठंना."

"मग मरू दे की!"

कडब्याची पेंढी सोडणारा गडी वाकला होता तसाच राहिला. आता आपल्याला लाज वाटेल, असं कृष्णातला वाटलं. त्यानं थोडी वाट पाहिली. काहीच वाटलं नाही.

हरणाबाई जागची हलली नाही. "मरंल की. पर आदी बगा तर."

तो पिशवी घेऊन तिच्यामागं गेला. गाय पाय दुमडून पडली होती. डोळ्यांच्या कडांना माशा बसल्या होत्या, त्या ती झाडतही नव्हती. कृष्णातला तिचाही राग आला. उठायचं नसेल तर मरून का जात नाही ही, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पिचकारी भरली आणि सुई मानेशी नेली.

हरणाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ह्ये कसलं औशद?"

"लिव्हरचं. ताकदीचं."

"न्हाई. परवा ताकदीचं दिलं तवा तुमी रबराच्या बुचातनं सुई घातली हुती. ह्येचं तर बूचच काडलं. आन् वास बगा त्येचा."

त्यानं बाटली डोळ्यांजवळ नेली. टिंक्चर आयोडीन. जखमेवर लावायचं. दोन्ही बाटल्या तपकिरी होत्या, पण आयोडीनचा वास आंधळ्यालाही कळला असता. त्याच्या बोटांना तो येत होता. त्याला आला नव्हता. अशा मरतुकड्या गाईच्या अंगात हे गेलं असतं तर ती पुन्हा उठलीच नसती.

पिचकारी त्याच्या हातातून मातीत पडली.

"दहिवडीच्या साहेबांना सांगा माझं नाव," तो म्हणाला. "काढून टाकू दे मला."

हरणाबाईनं ते कानावरही घेतलं नाही. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि मेंढराची ओढावी तशी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली.

"झोप लागती का?"

"पडतो की रोज."

"पडता. झोपता का?"

त्यानं हनुवटी सोडवायला पाहिली, तिनं सोडली नाही.

"सकाळी काय खाल्लं?"

त्याला आठवेना.

"लेकरं किती?"

"एक मुलगी."

"नाव काय तिचं?"

कृष्णातनं तोंड उघडलं. नाव आलं नाही. सहा वर्षांची पोर, तिचा चेहरा समोर होता, पुढचा पडलेला दात दिसत होता; नाव नव्हतं. तो गाईशेजारी शेणातच खाली बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मनुबाई. आईचं नाव ठेवलंय."

"आमच्यात असं मेंढरू कळपातनं भाईर काडत्यात," हरणाबाई म्हणाली. "त्येला रोग नसतोय. चालून चालून मन मेल्यालं असतंय. मग त्ये दुसऱ्याच्या अंगावर पाय देतंय, आन् त्येला कळत बी न्हाई. त्येला सावलीला बांदायचं. चार दिस कुनी हात लावायचा न्हाई."

"इथं नऊशे जनावरं आहेत, मावशी."

"आन् तुमच्या हातनं किती जित्ती ऱ्हातील?"

त्यानं दुसरी पिचकारी काढली, नवी बाटली घेतली. सुई टोचण्याआधी ती हरणाबाईच्या नाकाशी धरली. तिनं मान हलवली, मगच टोचली.

मग त्यानं दहिवडीला चिठ्ठी लिहिली. 'आज माझ्या हातून गाय मरता मरता वाचली. मला जनावरांची आणि माणसांची शिसारी आली आहे. दुसरा माणूस पाठवावा.' छावणीचे मुकादम नानासो ती वाचून चिडले.

"आरं, असं कोन लिवतं व्हय? ताप आलाय म्हन की."

"ताप नाही आला," कृष्णात म्हणाला आणि चिठ्ठी होती तशीच धाडली.

दुसऱ्या दिवशी बदली माणूस आला. कृष्णात पलूसला गेला. दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून बायकोवर ओरडला, आणि ओरडून झाल्यावर मान खाली घालून जेवला. नंतर मुलीची वेणी घातली, ती वाकडी झाली. मुलीनं ती सोडायला लावून पुन्हा घालून घेतली. दहाव्या दिवशी तो एसटीनं परत आला.

हरणाबाई मोकळ्या दाव्याशी बसली होती. शेजारी बोचकं बांधलेलं होतं.

"गाय?" त्यानं विचारलं.

"परवा गेली. नव्या मान्सानं लय केलं तिचं. पर वय झालं हुतं."

कृष्णात तिथंच दाव्यापाशी बसला आणि सगळ्या छावणीसमोर, तोंडावर हात घेऊन, हुंदके देत रडला.

हरणाबाईनं त्याला रडू दिलं. तिचे डोळे कोरडेच होते. बोचकं डोक्यावर घेऊन ती उठली, त्याच्या तोंडाकडं तिनं एकदा नीट बघितलं.

"आलासा म्हनायचं, डागदर," ती म्हणाली आणि वाटेला लागली.