उतरलेला धैवत

धैवत पुन्हा उतरला.

आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणारा तिचा हात थांबला. भूपाचे स्वर सा, रे, ग, प असे शांतपणे पायऱ्या चढून येत आणि धैवताच्या उंबरठ्यावर नेमके ठेचाळत. ठेच मोठी नव्हती, केसभर. परंतु जिने हयातभर तो स्वर कंठात सांभाळला होता, तिला ते अंतर डोळ्यांत कुसळ जावे तसे खुपे.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा सारंगी मांडीशी घेऊन बसला होता. व्यवसाय चष्म्यांची भिंगे घासण्याचा. पन्नाशी उलटल्यावर त्याने हे वाद्य हाती धरले, तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातच म्हणाले होते, “या वयात लोक काठी धरतात, तुम्ही सारंगीचा गज धरलात!” सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबायची नसते, नखाच्या मुळाने तिला कडेकडून स्पर्श करायचा असतो. त्याच्या नखांच्या मुळांतून आधी रक्त आले, मग तेथे घट्टे पडले. त्याने तक्रार केली नाही.

ती एके काळी गात असे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज परत आला, पण खरखर सोबत घेऊन आला. “हा माझा नव्हे,” असे म्हणून तिने तंबोऱ्याला गवसणी घातली. त्यानंतर तिने साधे गुणगुणणेही वर्ज्य केले. नवऱ्याने तिला ‘गा’ असे एकदाही म्हटले नाही. काही काळाने तो सारंगी घेऊन घरी आला, एवढेच.

“अहो, धैवत,” ती आतून म्हणाली.

“काय झालं त्याला?”

“उतरलाय.”

“असं? कितीसा?”

“जरासा.”

“आता जरासा म्हणजे केवढा, हे नुसतं बोलून मला कसं कळावं?” गज तारेवरच ठेवून तो वाट पाहत राहिला.

“तुमच्या गुरुजींना विचारा,” ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच गुरुजींकडे गेली. सुताराच्या दुकानावर त्यांची खोली होती. खालून रंध्याचा एकसुरी आवाज येत होता; तिरप्या उन्हात गजाला लावायच्या राळेची धूळ इतकी संथ तरंगत होती, की काळालाच तेथे डुलकी लागली असावी. गुरुजींनी अनेक वर्षे तिच्या गाण्याला साथ केली होती. तिला दारात पाहताच ते उठून उभे राहिले.

“या, बाई. किती दिवसांनी!”

“गुरुजी, स्पष्ट बोलते, राग मानू नका. यांना शिकवणं थांबवा. वर्ष झालं, धैवत काही जागेवर बसत नाही. तुमचंही नाव जायचं अशानं.”

गुरुजी तिच्याकडे पाहतच राहिले.

“त्यांचा धैवत? बाई, ते इथे धैवत लावतात तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवतो. या खालच्या तरफेच्या तारा आहेत ना, वरचा स्वर खरा असेल तरच त्या न छेडता बोलतात. त्यांच्या धैवताला त्या कधी गप्प राहिल्याच नाहीत.”

“मग घरी का चुकतो?”

गुरुजींनी गजाच्या केसांवरून राळ फिरवली.

“स्वर हाती बसला त्या दिवशी त्यांनी मला एक विचित्र गोष्ट मागितली. म्हणाले, आता हाच स्वर केसभर उतरवायला शिकवा. दर वेळी तेवढाच. जास्त उतरला तर ती कान झाकून घेईल, कमी उतरला तर तिला खुपणारच नाही. मी म्हटलं, अहो, खरा लावण्याहून हे कठीण आहे! तर म्हणाले, असू द्या. पुष्कळ घोटलं त्यांनी ते. कशासाठी, हे मी विचारलं नाही.”

ती जिना उतरली. रस्त्यावरच्या हाका, चाके, पावले सारे पाण्याखालून ऐकू यावे तसे दूरचे झाले होते. ओळखीची एक बाई थांबून काहीतरी म्हणाली. उत्तरादाखल ती फक्त हसली. घर कधी आले, हे तिला कळले नाही.

संध्याकाळचा उजेड खोलीभर मधासारखा पसरला होता. तो नित्याप्रमाणे बसला होता. ती आत गेली नाही. तिने सतरंजी ओढली आणि त्याच्या समोर बसली. तो चकित झाला. त्याने गज उचलला.

सा. रे. ग. प.

पुढचा स्वर त्याच्या नखाखाली येण्याआधीच तिने डोळे मिटले आणि तो स्वतः लावला. आवाज खरखरीत होता. गंजलेल्या कडीसारखा तो अडखळत उघडला. आणि धैवत उतरलेला होता. केसभर, त्याचा रोज उतरे तेवढाच.

त्याचे नख आपसूक सरकले, धैवताच्या खऱ्या जागी.

“अगं, चढव जरा!” तो बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

“ऐकवेना ना तुम्हाला?” ती म्हणाली. “मी वर्षभर ऐकलं.”

मग तिने धैवत लावला.