वीणा गळ्यात असेपर्यंत

“साहेब, एवढी वीणा धरा. आलोच म्या,” म्हणत लिंबाजीनं आपल्या गळ्यातली वीणा इंद्रजितरावांच्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाया पडला आणि देवळाबाहेर निघून गेला.

इंद्रजितराव जागच्या जागी अडकले. सप्ताहाची वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही. दुसरा कुणी घेईपर्यंत ती गळ्यात घेऊन पहाऱ्याला उभं राहायचं, आणि ती गळ्यात असेपर्यंत तोंडातून नामाशिवाय शब्द काढायचा नाही.

आज सप्ताहाचा पाचवा दिवस. कमिटीचे अध्यक्ष म्हणून त्यांचं हे पहिलंच वर्ष. संध्याकाळी मोठ्या महाराजांचं कीर्तन होतं आणि मंडप अजून अर्धाच उभा होता. चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. साखर कारखान्यात शेतकी अधिकारी असताना पुण्याच्या एका शिबिरात ते नेतृत्व शिकून आले होते. नेते तीन प्रकारचे: हुकूम सोडणारा, माया लावणारा, सल्ला घेणारा. तिन्ही प्रकार त्यांनी एकाच आठवड्यात गावावर वापरून पाहिले. एक दिवस दरडावलं, एक दिवस गोंजारलं, एक दिवस सगळ्यांचं मत घेतलं आणि शेवटी आपलंच खरं केलं. आज सकाळी तर पाऊण तास बोलले. बोलणं संपेस्तोवर निम्मी माणसं ‘जनावरांना पाणी दावून येतो’ म्हणत उठून गेली होती. महाराज आले आणि मंडप नसला, तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

“रामकृष्णहरी,” इंद्रजितराव कळवळून म्हणाले.

मंडपवाला तौफिक दारातून डोकावला. “साहेब, पडदा कुण्या अंगानं घेऊ?”

सकाळपासून त्यांनी त्याला बांधलेला पडदा दोनदा सोडायला लावला होता. तिसरी युक्ती अगदी जिभेवर आली होती.

“रामकृष्णहरी.”

तौफिकनं मागं वळून फडफडणाऱ्या पताकेकडं पाहिलं. “बरं, मग वाऱ्याच्या अंगानं घेतो,” म्हणाला आणि गेला.

पाठोपाठ स्वयंपाकाची धुरपताबाई आली. “आण्णा, आमटीला डाळ किती घालू?”

इंद्रजितरावांनी दोन्ही भुवया वर नेल्या, मान एकदा हलवली. “राम... कृष्ण... हरी.”

“कळलं,” धुरपताबाई म्हणाली आणि आपल्या अंदाजानं डाळ घालायला गेली.

तास गेला, दुसरा गेला. बाहेर हातोडे वाजू लागले. गेलेली माणसं एकेक करून परतली. भाजी चिरता चिरता बायांनी गौळण धरली. इंद्रजितरावांच्या पोटऱ्या भरून आल्या, पण मधे एकदा नाम असं लागलं की पडदा, डाळ, महाराज, कशाचीच आठवण राहिली नाही. भानावर आले तेव्हा डोळे ओले होते.

आणि मग त्यांना नेत्याचा चौथा प्रकार सापडला. पुण्यातही कुणी शिकवला नव्हता तो. स्वतः उभा राहणारा! अध्यक्ष स्वतः पहाऱ्याला उभा आहे हे बघूनच गाव उठलं, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. कीर्तन झाल्यावर आभार मानताना हे सांगायलाच हवं. वीणेच्या ठेक्यावर त्यांनी मनातल्या मनात भाषण जुळवायला घेतलं. वीसएक मिनिटांचं.

चारच्या सुमारास लिंबाजी परत आला. मंडप उभा होता. आमटीचा वास देवळात शिरला होता. इंद्रजितरावांनी वीणा द्यायला मान वाकवली.

लिंबाजीनं हात पुढं केले नाहीत. त्यानं ते जोडले.

“साहेब, समद्यांनी मिळून मला धाडलंय,” तो अदबीनं म्हणाला. “काम लई झ्याक चाललंय. सतरंज्या तेवढ्या हातरायच्या राहिल्यात. तवर ऱ्हाऊ द्या वीणा तुमच्याच गळ्यात.”