सगळ्यात जवळचा रस्ता

"पाचवीचा वर्ग ते पाण्याचा नळ. सगळ्यात जवळचा रस्ता दोऱ्याने मोजून दाखव," बाई म्हणाल्या. सकाळपासून हेच वाक्य घोकून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. नकाशावाचनाची तोंडी परीक्षा. एक मूल आत, बाकीची बाहेर बाकावर. नकाशा शाळेचाच, म्हणजे चुकायला तसा वावही नव्हता.

समोरच्या मुलीला सगळा वर्ग टकळी म्हणायचा. तिने दिशा बरोबर सांगितल्या, प्रमाण धडाधड वाचलं. मग दोरा घेतला आणि वर्गाच्या दारातून थेट बाहेर नेला. इमारतीच्या मागून, सायकलींच्या शेडला वळसा घालून नळाशी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आज आत आलेल्या प्रत्येक मुलीने दोरा असाच फिरवला होता. मुलगे मात्र सरळ व्हरांड्याने जाऊन, पैकीच्या पैकी घेऊन मोकळे झाले होते.

"बाहेर बसून एकमेकींना उत्तरं पुरवताय ना? निदान बरोबर तरी पुरवा." बाई चिडायचं म्हणून चिडल्या, खरं तर त्यांना घरी जाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं. "या प्रश्नाला सगळ्या मुलींना भोपळा देणार आहे. मग रडत येऊ नका."

"कुणी कुणाला नाही सांगितलं, बाई."

"मग हा एवढा ढळढळीत व्हरांडा दिसत नाही तुला?"

"दिसतो."

"दिसतो, तर मग?"

टकळीने दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. एरवी तिला गप्प करता करता बाईंच्या नाकी नऊ यायचे.

"मधे खेळाच्या सरांची खोली लागते," ती म्हणाली. "मुलगी एकटी दिसली की ते आत बोलावतात. दार लावून घेतात."

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर मुली कशावरून तरी हसत होत्या.

"अगं, मग मला येऊन सांगायचं नाही का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

टकळी गोंधळली. आपलं आणखी एक उत्तर चुकलं की काय, असं तिला वाटलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचा पाय एवढा दुखतो, तरी तुम्हीपण मागूनच येता."