राक्षसांची बडबड

गोंदियाच्या टॉकीजमधून बाहेर आल्यापासून बंटी भडकलेला होता. "कॉमिकातले राक्षस मुके आहेत ना! मंग ह्या पिक्चरच्या दुसऱ्या पार्टात कायले बोलून राहिले? आन् खाली अक्षरं बी नाही. नुसती बडबड!"

मी झपाझप पुढे निघाले, तसा तो मागून येत बोलतच राहिला.

"फाइट मात्र जबरा होती. हिरोनं त्या म्हाताऱ्या राक्षसिणीची झोपडी पेटवली, तवा पुरी टॉकीज शिट्ट्या मारून राहिली होती. तू काऊन नाही मारली, रेणू?"

"चूप बे!" मी भर रस्त्यात ओरडले. "बडबड नोहोय ते, गोंडी होय. आमच्या घरची भाषा. म्हातारीनं हिरोचे पाय धरले, तवा ती काय सांगून राहिली होती, ऐकतं का तू? 'आत लेकरू निजलं आहे.'"